शनिवार-रविवारची मैफल कोणाची?

शास्त्रीय संगीताला वाहिलेल्या नभोवाणीने सुटीच्या दोन दिवशी आपली दारे थोडी सैल सोडावीत, चित्रपटांचे संगीत आणि संगीत नाटके यांनाही बैठकीत बसू द्यावे, अशी सूचना निघाली की दोन पक्ष ठरल्याप्रमाणे उभे राहतात. एक म्हणतो, गाभाऱ्यात बाजार आणू नका. दुसरा म्हणतो, श्रोत्याला हवे ते द्या, नाहीतर दुकान बंद करा. पाश्चात्त्य देशांत हा तंटा जुनाच आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे शनिवारचे प्रयोग १९३१ पासून नभोवाणीवरून घरोघर पोहोचू लागले आणि १९४० पासून २००४ पर्यंत त्यांचा भार एका तेल कंपनीने उचलला. ब्रिटनमध्ये १९९२ साली निघालेल्या क्लासिक एफएम या व्यापारी केंद्राने सिंफनीचे तुकडे आणि चित्रपटसंगीत एकाच ताटात वाढून आपला मोठा श्रोतृवर्ग मिळविला. आपल्याकडे या तंट्याला अभिरुचीपेक्षा अधिक खोल असा एक पदर आहे. लोकांच्या पैशाने उभारलेल्या आकाशावर कोणाच्या आवाजाला किती वेळ मिळतो, आणि त्या आवाजामागे राबणाऱ्या माणसाचे नाव घेतले जाते की नाही, हा तो पदर होय. आमच्या कार्यकर्त्यांनी या प्रश्नाकडे संगीताच्या शौकिनांचा घरगुती वाद म्हणून पाहू नये.

इतिहासाची उजळणी थोडक्यात केली पाहिजे. १९५२ ते १९६२ या दशकात नभोवाणीखाते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी गृहस्थांकडे होते. केसकर स्वतः संगीताचे जाणकार होते आणि हिंदी चित्रपटगीतांविषयी त्यांच्या मनात उघड तिरस्कार होता. त्यांनी चित्रपटगीतांचा वेळ कापला. गीताबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे जाहिरात, असे म्हणून तेही बंद केले. निर्मात्यांनी चिडून आकाशवाणीला दिलेली परवानगी काढून घेतली. परिणाम असा झाला की भारतीय श्रोत्याने रेडिओची सुई सिलोनकडे फिरविली. डिसेंबर १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि सरकारी संस्कृतिरक्षणाचा नफा एका दंतमंजनाच्या कंपनीने पदरात पाडून घेतला. पाच वर्षांनी, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, सरकारला विविध भारती काढावी लागली आणि तिची धुरा चित्रपटांसाठी गीते लिहिणाऱ्या पंडित नरेंद्र शर्मा यांच्याकडे सोपवावी लागली.

केसकरांच्या पदरी पुण्यही आहे, ते नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. संस्थाने विलीन झाली आणि दरबारांच्या आश्रयावर जगणारे गवई-बजवय्ये उघड्यावर पडले, त्या वेळी आकाशवाणीने त्यांना नोकऱ्या आणि करार दिले. १९५२ साली संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला. पुढे कित्येक वर्षे शनिवारची रात्र ही त्याची ठरलेली वेळ होती. १९५४ पासून रेडिओ संगीत संमेलने भरू लागली. खेड्यातल्या शाळामास्तराला, गिरणीतल्या जॉबरला, ज्याला दहा रुपयांचे तिकीट परवडणारे नव्हते अशा कोणालाही, दीड तासाचा अखंड राग घरबसल्या ऐकता आला. एवढे मोठे लोकशाहीकरण आपल्या संगीताच्या इतिहासात त्यापूर्वी झाले नव्हते.

परंतु त्याच हाताने सोवळ्याची रेघही ओढली गेली. केसकरांच्या आधी, सरदार पटेल यांच्याकडे हे खाते असतानाच, ज्यांचे खासगी जीवन समाजाच्या दृष्टीने निंद्य ठरते अशा गायिकांना केंद्राची पायरी चढू न देण्याचे धोरण आले होते. ठुमरी, दादरा आणि कितीतरी दुर्मिळ बंदिशी ज्या कलावंतिणींच्या घरांनी सांभाळल्या, त्यांच्याच मुलींना हा मज्जाव होता. केसकरांच्या लेखनात तर आपल्या संगीताच्या ऱ्हासाचा दोष मुसलमान आश्रयदात्यांच्या आणि उस्तादांच्या माथी मारलेला आढळतो. घराण्यांची यादी हातात घेऊन बसणाऱ्या कोणालाही हा आरोप हास्यास्पद वाटावा. शुद्धीची भाषा संगीतात शिरली की तिचा शेवट माणसे वगळण्यात होतो. त्याचा पुरावा शोधायला दूर जाण्याचे कारण नाही.

आणि ही शुद्धी तरी कसली? ज्या १९५२ साली चित्रपटगीतांवर गदा आली त्याच वर्षी ‘बैजू बावरा’ पडद्यावर आला. नौशादांच्या त्या चित्रपटासाठी उस्ताद अमीर खाँ आणि दत्तात्रेय विष्णु पलुसकर गायिले होते. १९५५ साली व्ही. शांतारामांच्या ‘झनक झनक पायल बाजे’साठी वसंत देसाईंनी पुन्हा अमीर खाँ यांना गायला बसविले. १९५६ च्या ‘बसंत बहार’मध्ये भीमसेन जोशी मन्ना डे यांच्याबरोबर गायिले, १९५९ च्या ‘गूँज उठी शहनाई’त बिस्मिल्ला खाँ यांची सनई वाजली आणि १९६० च्या ‘मुघल-ए-आझम’मध्ये बडे गुलाम अली खाँ यांचा आवाज उमटला. हेच कलावंत शनिवारी रात्री गायिले की अभिजात आणि चित्रपटासाठी गायिले की बाजारी, असा न्याय करणाऱ्याने तो कोणत्या शास्त्राच्या आधारे केला हे सांगितले पाहिजे.

पुणे केंद्राने तर हा न्याय कृतीनेच उलथविला. केसकर मंत्री असतानाच, १ एप्रिल १९५५ पासून, ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि वर्षभर छप्पन्न गीते चालले. शुक्रवारी सकाळी नवे गीत लागे आणि शनिवार-रविवारी तेच पुन्हा ऐकविले जाई. म्हणजे शनिवार-रविवारची मैफल महाराष्ट्राला ठाऊक आहे, आणि ती घडविणारे गदिमा आणि सुधीर फडके हे दोघेही पोट चित्रपटांवर भरणारे होते. गाणाऱ्यांत माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे होते आणि लता मंगेशकरही होत्या. सीताकांत लाडांसारख्या केंद्रातल्या अधिकाऱ्याने दार उघडे ठेवले म्हणून हे घडले. दिल्लीच्या धोरणाने ते घडविले नव्हते.

पेटीची कथाही अशीच आहे. १९३८ साली आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रातले पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख जॉन फोल्ड्स यांनी हार्मोनियमविरुद्ध लेख लिहिला. पेटीचे ठराविक सूर भारतीय श्रुतींना न्याय देत नाहीत, हा मुद्दा. १९४० मध्ये पेटीला केंद्रात बंदी झाली आणि ती साथीपुरती उठायला १९७१ उजाडले. तीन दशके! इंग्रजाने घातलेली बंदी स्वतंत्र भारताने संस्कृतीच्या नावाने चोवीस वर्षे जपली. श्रुतींचा मुद्दा खोटा नव्हता, परंतु त्याचा फटका कोणाला बसला हे पाहावे. कीर्तनकार, भजनी मंडळी, लोकनाट्याचे फड आणि मराठी संगीत रंगभूमी, या सर्वांचे गाणे पेटीवर आणि ऑर्गनवर उभे होते. पेटीवर जीव असलेले पु. ल. देशपांडे १९५५ साली आकाशवाणीच्या नोकरीत रुजू झाले. माणसाला प्रवेश होता, त्याच्या वाद्याला नव्हता.

आता संगीत नाटकाकडे वळू. ऑपेरा म्हटले की आपल्या सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढे मिलान आणि व्हिएन्ना येते, फार तर मुंबईचे रॉयल ऑपेरा हाउस. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ उभे केले ती आपली ऑपेराच होती, आणि ती सोवळी मुळीच नव्हती. साकी, दिंडी, लावणीची चाल, कीर्तनाचा ठेका, कर्नाटकातून आलेल्या धुना, जे गावात गायिले जात होते ते सर्व तिने आपल्या ओटीत घेतले. ख्यालगायकी नंतर आली: १९११ च्या ‘मानापमाना’त गोविंदराव टेंब्यांच्या आणि १९१६ च्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखल्यांच्या हातून. गंधर्व मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष होते. तालुक्याच्या गावच्या मांडवात, पिटात बसलेल्या हमालाला भास्करबुवांच्या चाली पाठ होत्या. १९२१ साली बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ केले तेव्हा गाणे, नाटक आणि राजकारण यांच्यात भिंत आहे असे कोणाला वाटले नाही.

ही आपली ऑपेरा नभोवाणीवर आज कशी ऐकू येते? पंधरा मिनिटांच्या कार्यक्रमात तीन-चार पदे, मध्ये निवेदकाची दोन गोड वाक्ये. नाटक नाही, प्रसंग नाही, ते पद कोण कोणाला उद्देशून म्हणते आहे याचा पत्ता नाही. याचे मूळ ध्वनिमुद्रिकेच्या लांबीत आहे. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. बालगंधर्व रंगभूमीवर जे पद वन्समोअर घेत घेत फुलवीत, त्याचा एवढासा अर्क तबकडीत उतरला, आणि नभोवाणीने तो अर्क म्हणजेच नाट्यसंगीत असे समीकरण करून टाकले. तबकड्या गेल्या, फिती आल्या, फितीही गेल्या. समीकरण मात्र राहिले. शास्त्रीय गायकाला अखंड वेळ आणि नाटकाला तुकडे, अशी ही वाटणी आहे. हलके-भारी हा भेद संगीतात नंतर दिसतो, घड्याळात आधी दिसतो.

चित्रपटांच्या पार्श्वसंगीताची स्थिती याहून वाईट. गाण्याला निदान गायकाचे नाव मिळते. प्रसंगामागे वाजणारे व्हायोलिनचे ताफे, ट्रंपेट, चेलो कोणी वाजविले? त्या स्वरलिपी रात्र रात्र बसून कोणी लिहिल्या? हे काम मोठ्या प्रमाणावर गोव्याच्या वादकांनी केले. चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकलेली ही मंडळी मुंबईत आली आणि रोजावर स्टुडिओंत राबली. सेबॅस्टियन डिसूझा यांनी शंकर-जयकिशनांसाठी आणि चिक चॉकलेट यांनी सी. रामचंद्रांसाठी वाद्यमेळ रचला. श्रेयनामावलीत त्यांचे नाव आले तर ‘साहाय्यक’ म्हणून, पुष्कळदा आलेच नाही. मजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत भारतीय आणि पाश्चात्त्य वाद्यांचा मोठा मेळ जमवून राग आणि सिंफनी यांची सांगड घालणारे संगीत लोकांपुढे ठेवले. आज देशाला ते नाव ठाऊक आहे ते १९७७ च्या एका चित्रपटातल्या विनोदी गाण्यामुळे. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूची आठवण म्हणून ते त्यात घातले, एवढीच काय ती पोचपावती. कामगाराच्या श्रमावर मालकाची मोहोर उमटते हे सूत्र आम्ही गिरणीच्या दारात शिकलो. स्टुडिओच्या दारात ते तसेच लागू होते.

तेव्हा, शनिवार-रविवारी हे संगीत लावण्यास आमचा विरोध नाही. उलट ते लावलेच पाहिजे. आमचे भांडण ‘श्रोत्यांना हवे ते द्या’ म्हणणाऱ्यांशीही आहे. श्रोत्यांना काय हवे हे कोण ठरवतो? १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई-पुणे-नागपूर येथे विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या तेव्हापासून हे ठरविण्याच्या कामात साबण आणि तेल विकणाऱ्यांचा वाटा आहे. आणि जिथे बाजार ठरवीत नाही तिथे मंत्री ठरवितो. आणीबाणीत, मे १९७६ पासून, किशोरकुमार यांची गाणी आकाशवाणीवरून गायब झाली, कारण सरकारच्या प्रचाराला त्यांनी हवी तशी मदत केली नाही. गाणे शुद्ध की बाजारी हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारलासुद्धा नाही! १९९० साली प्रसारभारतीचा कायदा झाला, तो अमलात यायला १९९७ उजाडले. मधल्या काळात, १९९५ साली, सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्वाळा दिला. निर्वाळा उत्तम आहे. पण मालक असलेल्या जनतेपैकी किती जणांना या मालमत्तेवर पाय ठेवता येतो?

हा प्रश्न विचारायला मणिबेलीइतके योग्य गाव महाराष्ट्रात नाही. नर्मदेच्या काठचे, अक्कलकुवा तालुक्यातले हे आदिवासी गाव. राज्यातला पहिल्या क्रमांकाचा विधानसभा मतदारसंघ अक्कलकुवा आणि त्यातले पहिल्या क्रमांकाचे मतदान केंद्र मणिबेली. मतदानाचे साहित्य तिथे होडीने न्यावे लागते. सरदार सरोवराच्या पाण्याच्या वाटेवर महाराष्ट्रातले पहिले गावही हेच. तिथल्या सत्याग्रहांनी १९९१ पासून देशाला या खोऱ्याकडे पाहायला लावले, १९९३ साली जागतिक बँकेच्या कर्जावर पाणी पडले आणि १९९४ साली मोठ्या धरणांना बँकेने पैसा देऊ नये असे सांगणारे जगभरच्या संघटनांचे निवेदन मणिबेलीच्या नावाने निघाले. त्याच वर्षी शूलपाणेश्वराचे मंदिर पाण्याखाली गेले. मंदिराचे निदान नाव नोंदले गेले. पाण्याखाली गेलेल्या अंगणांत जे गायिले जाई त्याची नोंद कोणत्या केंद्राने ठेवली?

सातपुड्यातले संगीत काही लहानसहान नाही. होळीच्या दिवसांत काठीसारख्या गावी शेकडो पाड्यांची माणसे लोटतात. मोरपिसांचे टोप, कमरेला सुके दुधी भोपळे आणि घुंगरू बांधलेले बुध्या, खांद्यावर पेलावे लागणारे प्रचंड ढोल. रात्र उतरते तशी लय बदलत जाते आणि पहाटे होळी पेटेपर्यंत ती थांबत नाही. ज्याला आपण मैफलीची बढत म्हणतो तिची समज इथे गावच्या गाव अंगात बाळगून आहे. नाचणारा, गाणारा, ऐकणारा असे वेगळे वर्ग पाडायची सोय नाही. हे सारे नभोवाणीवर येते ते ‘लोकसंगीत’ या खान्यात, पाच-दहा मिनिटांचे, दोन भाषणांच्या मधल्या फटीत. गायकांची श्रेणी ठरविणारी चाचणी एका माणसाला बंद खोलीत मायक्रोफोनसमोर उभे करून घेतली जाते. जे गाणे शंभर जणांखेरीज गायिलेच जात नाही त्याने तिथे कसे उत्तीर्ण व्हावे? प्रजासत्ताकदिनी मात्र हेच ढोल दिल्लीच्या रस्त्यावर चालतात. तिथेही तुकडाच. शहाद्याचे वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता ज्यांनी वाचली असेल त्यांना व्यासपीठ आणि आदिवासी यांच्या नात्याविषयी अधिक सांगायला नको. चळवळीतल्या आम्हां मंडळींनीही ती पुन्हा वाचावी.

ऐकण्याच्या बाजूने पाहिले तर चित्र आणखी विचित्र आहे. २६ जानेवारी २०१६ पासून आकाशवाणीने ‘रागम’ ही चोवीस तास शास्त्रीय संगीताची वाहिनी सुरू केली. चांगले झाले. परंतु ती ऐकायची तर घरावर तबकडी किंवा हातात जाळ्याशी जोडलेला मोबाइल हवा. नर्मदाकाठच्या पाड्यांत मोबाइलचे जाळे विरळ आहे. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, सातपुड्याच्या सोंडा त्यांना अडवितात. जमिनीला धरून डोंगर ओलांडत दूर जाणाऱ्या त्या मध्यम लहरी, आणि जुने, खर्चिक, कालबाह्य म्हणून मध्यम लहरींचेच प्रक्षेपक बंद करण्याकडे कल आहे. पुण्या-मुंबईच्या श्रोत्याला शनिवारी दहा ठिकाणी दहा प्रकारचे संगीत मिळते. मणिबेलीच्या माणसाचा एक स्वस्त रेडिओ, तोही खरखर करणारा. शनिवारी रात्री अमुक राग लावायचा की अमुक चित्रपट, यावर आपण हमरीतुमरीवर येतो, तेव्हा हा श्रोता आपल्या हिशेबात असतो काय?

म्हणून आमची मागणी साधी आहे. रविवारी दुपारी एक संगीत नाटक अथपासून इतिपर्यंत लावा. आकाशवाणीच्या संग्रहात जुनी ध्वनिमुद्रणे आहेत, हौशी आणि व्यावसायिक मंडळ्या आजही प्रयोग करीत आहेत, १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’ला तर नव्या पिढीने २०१५ च्या चित्रपटामुळे पुन्हा गर्दी केली, श्रोता नाही ही सबब चालणार नाही. चित्रपटाचे पार्श्वसंगीत लावायचे तर रचणाऱ्याचे, वाद्यमेळ बांधणाऱ्याचे आणि जेवढ्यांची नावे सापडतील तेवढ्या वादकांचे नाव घेऊन लावा, आणि नावे सापडत नसतील तर हयात असलेल्या वादकांना बोलावून ती विचारून घ्या. ही माणसे थकत चालली आहेत. आणि वर्षातून एक शनिवारची रात्र सातपुड्याला द्या. दीड तासाची फट नव्हे, रात्र. यंत्रे काठीला न्या, मणिबेलीला न्या, होळीच्या आधीच्या तयारीपासून मुद्रण करा, गाण्यांचे अर्थ तिथल्याच जीवनशाळांत शिकलेल्या मुलामुलींकडून सांगवून घ्या, आणि ते मध्यम लहरींवरून सर्व केंद्रांनी एकदम प्रक्षेपित करावे. यात दयेचा भाग नसावा. अखिल भारतीय कार्यक्रमात गाणाऱ्या श्रेष्ठ श्रेणीच्या कलावंताला जे मानधन मिळते त्याच दराने इथल्या ढोलवाल्यांचा हिशेब व्हावा. शंभर जण वाजविणार असतील तर खर्च वाढेल, हे खरे. ऑपेराच्या वाद्यवृंदातही शंभर जण असतात आणि तिथे हा आक्षेप कोणी घेत नाही. कराराचे कागद वाजविणाऱ्यांच्या नावाने निघावेत, त्यांना घेऊन येणाऱ्या संस्थेच्या किंवा पुढाऱ्याच्या नावाने निघू नयेत, आणि मुद्रणाची एक प्रत गावात राहावी.